मत्स्यगंधेची पाटी

श्रावण शुद्ध पौर्णिमा ही तिथी आमच्या घराण्यात श्रावणीची. पहाटे कृष्णेच्या घाटावर स्नान करावे, यज्ञोपवीत बदलावे, ऋषींचे तर्पण करावे आणि दुपारी नारळीभात जेवावा, एवढीच आमची पौर्णिमा. त्या भातातला नारळ आधी ज्याला अर्पण व्हावयाचा तो समुद्र आम्हा घाटावरच्या वाईकरांना कालिदासाच्या 'रघुवंशा'तील तेराव्या सर्गापुरताच काय तो परिचित. त्यामुळे २०१२ साली मुंबईतील खारदांडा येथील कोळीबांधवांनी नारळी पौर्णिमेच्या आदल्या रात्री कीर्तनासाठी आम्हांस पाचारण केले, तेव्हा आमच्या मनात आनंदाइतकेच कुतूहलही होते.

खारदांडा हे नाव वाचकांपैकी अनेकांनी केवळ बसच्या पाटीवर वाचले असेल. पश्चिम रेल्वेच्या खार रोड स्थानकावर उतरून समुद्राच्या दिशेने चालू लागावे. वांद्र्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने येणारा कार्टर रस्ता उत्तरेस जेथे सरतो तेथे हा कोळीवाडा सुरू होतो. मागे गगनचुंबी इमारती, पुढे अरुंद गल्ल्या, गल्ल्यांच्या टोकाशी होड्या, आणि बांबूंच्या मांडवांवर दोऱ्यांना लटकविलेले बोंबील. मुंबई ज्यांच्या अंगणात येऊन वसली त्यांचे हे घर.

आख्यान कोणते लावावे याचा निर्णय आम्ही गाडीतच केला होता. कोळ्यांचे गाव, तेव्हा मत्स्यगंधा. महाभारताच्या आदिपर्वातील ही कथा: यमुनेच्या तीरावर दाशराजाची कन्या सत्यवती होडी वल्हवीत असे, तिच्या अंगास माशांचा वास येई, पराशर ऋषींच्या वराने तो वास जाऊन तिचा सुगंध योजनभर दरवळू लागला आणि ती योजनगंधा झाली. तिच्याच पोटी पुढे भगवान व्यास जन्मले. हे आख्यान आम्ही तोवर पंचवीस वर्षे लावीत होतो. त्यात एक ठरलेली जागा असे. पराशर होडीत पाऊल ठेवतात तेथे आम्ही उपरण्याचा पदर नाकास लावीत असू आणि झांजांच्या ठेक्यावर श्रोते हसत. वाईत हसत, साताऱ्यात हसत, पुण्यात तर अंमळ अधिकच हसत. खारदांड्याच्या मांडवात मात्र त्या जागी कोणीही हसले नाही. आम्हांस वाटले, ध्वनिक्षेपक नीट नसावा.

कीर्तन संपले, बुक्का लावून झाला. गर्दी ओसरल्यावर सत्तरीच्या घरातल्या एक मावशी पुढे आल्या. नाव येथे देत नाही. ते त्यांना रुचणार नाही. खाली वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "बुवा, कीर्तन चांगला झाला. पन एक इचारू? तिचे आंगाला वास येत होता म्हनता, तो कोनाला येत होता? तिचे बापाला तर नसंल येत."

आम्ही पाठशाळेत शिकलेले. प्रश्न आला की प्रमाण पुढे करावयाचे. म्हणालो, "मावशी, ग्रंथात तसेच आहे. सुगंधाचा वर तिने स्वतःच ऋषींजवळ मागितला."

"मागला असंल," मावशी शांतपणे म्हणाल्या. "आमच्या पोरीपन मागतात, पाटीवर नको बसवू म्हनून. कोनी नाक धरल्याबिगर कोन मागंल?"

आमच्या खांद्यावर उपरणे तसेच होते.

वाईस परतल्यावर आम्ही आदिपर्व पुन्हा उघडले. जे पंचवीस वर्षे वाचूनही वाचले नव्हते ते तेव्हा दिसले. त्या मत्स्यीच्या उदरातून दोन अपत्ये निघाली, एक पुत्र आणि एक कन्या. दोन्ही एकाच माशाच्या पोटची. कोळ्यांनी ती राजा उपरिचर वसूपुढे नेली. राजाने पुत्र ठेवून घेतला. तो पुढे मत्स्य नावाचा धार्मिक राजा झाला. कन्या मात्र माशाचा वास येतो म्हणून पुन्हा कोळ्याच्या स्वाधीन केली. पुत्राच्या अंगाच्या वासाविषयी ग्रंथ अक्षर काढीत नाही. एकाच पोटातून बाहेर आलेल्या दोघांपैकी वास एकटीलाच कसा आला, हे कोणा टीकाकाराला विचारावेसे वाटले की नाही ठाऊक नाही. आम्हांला तरी वाटले नव्हते. आणि आम्ही ज्या आसनास व्यासपीठ म्हणतो, ज्यावर उभे राहून नाकास पदर लावला, त्याला नाव तिच्या मुलाचे. व्यासांना पुराणकार सत्यवतीसुत म्हणतात, हे आम्ही मंगलाचरणातच म्हणत आलो होतो. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बालकांच्या नावात आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लावण्याचा नियम केला, तेव्हा अनेकांस तो नवा वाटला. व्यासांस वाटला नसता.

असो. प्रश्न केवळ पुराणाचा असता तर हा लेख लिहावयाचे कारण नव्हते.

पुढे मार्गशीर्षात प्रवचनांसाठी आम्ही मुंबईस आलो, तेव्हा मावशींचा निरोप आला की बुवांनी एकदा आमचा बाजार पाहावा. आम्ही शाकाहारी, गोदीत पाऊल टाकावयाचे म्हणजे मनाची तयारी करावी लागली, हे प्रांजळपणे सांगतो. पहाटे तीन वाजता दांड्यातल्या आठ-दहा बायकांनी मिळून ठरविलेला टेम्पो निघाला. आम्हांस पुढे चालकाशेजारी बसविले. कुलाब्याची ससून गोदी १८७५ साली कापसाच्या व्यापारासाठी बांधली गेली, ती आज मासळीची मोठी पेठ आहे. तेथे त्या वेळी जो कोलाहल असतो तो कोणत्याही यात्रेस मागे टाकील. लिलाव बोलणाऱ्याच्या तोंडून आकडे इतके झरझर येतात की त्रिकाल संध्येची घाई झालेल्या भटजीचीही जीभ तशी चालू नये. मावशींनी पापलेटाचे कल्ले उचलून पाहिले, डोळा पाहिला, बोटाने अंग दाबले आणि मान हलविली. न्यायशास्त्रात आम्ही धुरावरून अग्नीचे अनुमान शिकलो. मावशी कल्ल्याच्या लालीवरून मासा काल रात्रीचा की चार दिवस बर्फातला, हे सांगतात. फरक इतकाच की आमचे अनुमान चुकले तर परीक्षेतला गुण जातो, त्यांचे चुकले तर दिवसाचे भांडवल जाते.

आणि हे भांडवल स्वतःचे. येथे आमचा मोठा गैरसमज दूर झाला. नवऱ्याने मासे आणावेत आणि बायकोने ते विकावेत, एवढे चित्र आमच्या डोक्यात होते. पूर्वी ते खरेही होते. होडी आपल्याच किनाऱ्यास लागे, जाळ्यातले जे काही असेल ते घरच्या बाईच्या हाती येई, आणि तिने ते विकून आणलेल्या पैशांवर घराचा कारभार तिचाच चाले. कोळ्यांच्या घरात तिजोरीची किल्ली कोळणीच्या कमरेला, असे जे म्हणतात ते उगाच नव्हे. पुढे होड्यांना यंत्रे बसली, ट्रॉलर आले. मोठ्या नौकेस डिझेल, बर्फ आणि धक्का लागतो, म्हणून मासळी ससून गोदीत आणि भाऊच्या धक्क्यावर उतरू लागली. कोळंबी, पापलेट असा दरदार माल निर्यातीचे व्यापारी तेथल्या तेथे उचलू लागले. लहान कोळीवाड्यांच्या किनाऱ्यावर उतरणारा माल घटला, आणि जी घरच्या मालाची धनीण होती ती परक्या मालाची गिऱ्हाईक झाली. आता तिने पहाटे पैसे मोजावेत, टेम्पोचे भाडे, हमाली, बर्फ यांचा खर्च करावा आणि दुपारच्या उन्हाआधी सारे विकून मोकळे व्हावे. आमच्याकडील किराणा दुकानदार यापेक्षा पुष्कळ कमी जोखमीवर स्वतःस व्यापारी म्हणवितो.

कागदोपत्री मात्र या बाईचा व्यवसाय काय? महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा १९८१ चा. त्याखालील परवाना नौकेस मिळतो. डिझेलवरील सवलत नौकेवर. मच्छीमार सहकारी संस्थांचे सभासदत्व बहुतांशी पुरुषांच्या नावे. वादळ आले की पंचनामा होडीचा आणि जाळ्याचा. पाटीचा पंचनामा कसा करावयाचा? २०१९ साली क्यार आणि महा ही दोन चक्रीवादळे आली. त्यानंतर २०२० साली जाहीर झालेल्या मदतीत नौकाधारकांना रोख रक्कम आणि लहान मासळीविक्रेत्यांना शीतपेट्या असे ठरले. विक्रेत्यांची गणना झाली, ही गोष्ट चांगलीच. परंतु जिच्या हाती पेढीचा सगळा व्यवहार तिला पैसे न देता पेटी द्यावी, यातला भेद आमच्या लक्षात आल्याशिवाय राहिला नाही. २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थीस ४० टक्के, तर महिलांस ६० टक्के अनुदानाची तरतूद केली गेली. संधी मोठी. मात्र तीत एक ग्यानबाची मेख आहे: अनुदान वाढीव मिळते म्हणून बाईच्या नावे अर्ज करावयाचा आणि कारभार पूर्ववत चालवावयाचा, हा मार्ग आपल्या समाजास फार लवकर सापडतो. ग्रामपंचायतीतल्या महिला सरपंचांच्या यजमानांनी तो आधीच रुळवून ठेवला आहे.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याचे स्वागत सर्वत्र झाले. आम्हांस मात्र चांदवडची आठवण झाली. १९८६ साली नाशिक जिल्ह्यातील त्या गावी शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन भरले होते. पुढे त्याच चळवळीतून 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम आला आणि शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा स्वेच्छेने बायकोच्या नावे करून द्यावा असे आवाहन झाले. शेतात निम्म्याहून अधिक राबणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसते, हे त्या वेळी मोकळेपणाने बोलले गेले. समुद्राचा तर सातबाराच नाही. तेव्हा मच्छीमार शेतकरी ठरला, तर कोळीण कोण ठरली, हा प्रश्न आत्ताच विचारून ठेवलेला बरा.

आता आमच्याकडे, म्हणजे श्रावण पाळणाऱ्यांकडे वळू. अलीकडच्या वर्षांत मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते. माशांच्या प्रजननास वाव मिळावा हा तिचा हेतू, आणि तो योग्यच आहे. या ६१ दिवसांत ताजी मासळी फारशी नाही. उन्हाळ्यात वाळविलेले बोंबील, जवळा, करंदी यांवर कोळीण दिवस काढते. ऑगस्टमध्ये होड्या सुटतात, तो आम्ही श्रावण पाळीत असतो. २०२३ साली तर अधिक श्रावण आल्यामुळे नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या अखेरीस गेली आणि गिऱ्हाइकांचे व्रत चांगले दोन महिने लांबले. त्यामागोमाग गणपती. धर्मशास्त्राच्या दृष्टीने आम्ही यात काही गैर सांगत नाही. व्रत ज्याचे त्याने पाळावे. परंतु आपल्या उपवासाच्या महिन्यात दुसऱ्या कोणाच्या चुलीचे काय होते याचा विचार आम्ही पन्नास वर्षांत कधी केला नव्हता. पूर्वी राज्याच्या बंदीच्या नियमातही नारळी पौर्णिमेचा उल्लेख असे. आता सरकारची तारीख आधी येते आणि दर्याची तिथी मागून. तरीही दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटू नये असे मानणारी वडीलधारी माणसे अजून आहेत.

'शाकुंतला'च्या सहाव्या अंकाच्या आरंभी राजाची अंगठी विकावयास आलेल्या कोळ्यास रक्षक बांधून आणतात, मारतात आणि त्याच्या धंद्याची टवाळी करतात; तो मात्र जन्माने आलेले कर्म निंद्य असले तरी टाकू नये असे उत्तर देतो. पुढे बक्षीस मिळताच तेच रक्षक त्याचे मित्र होतात. रस्त्याच्या कडेस बसणाऱ्या कोळणीस हा प्रवेश पाठ असावा. सकाळी गाडी येते, पाट्या उचलल्या जातात, दंड भरून सोडविल्या जातात, तोवर बर्फ विरघळलेला असतो. फेरीवाल्यांच्या उपजीविकेच्या रक्षणासाठी २०१४ साली संसदेने कायदा केला. नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान ४० टक्के असावेत आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे त्यात लिहिले आहे. सर्वेक्षण झाल्याशिवाय कोणास उठवू नये असेही आहे. कायदा वाचावयास सुंदर आहे.

मंडईत ज्यांना जागा आहे त्यांचीही निश्चिंती नाही. २०२१ साली दादरचा मासळी बाजार उठवून विक्रेत्यांना ऐरोली नाक्याकडे जावयास सांगण्यात आले, तेव्हा कोळणींनी त्यास कडाडून विरोध केला. पापलेटास २०२३ साली राज्यमासा हा मान मिळाला. तो विकणारीस छप्पर, नळ, दिवा आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह या चार गोष्टी अजून मागाव्याच लागतात. शेवटच्या गोष्टीचा उल्लेख धार्मिक पानावर कसा करावा असा आम्हांस संकोच होता. मावशी म्हणाल्या, "लिवा बुवा. सकाळधरनं पानी पीत नाय आमी त्याच्यापायी." म्हणून लिहिले.

मावशींची धाकटी सून वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. आरंभी एका कार्यालयात हिशेबनीस होती. तिच्या मुलाखतीच्या वेळी पत्त्यात 'कोळीवाडा' पाहून समोरच्या गृहस्थांनी हसून काही शेरा मारला होता. ते कार्यालय कोणते हे तिने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. पुढे टाळेबंदीत, २०२० साली, नोकरी गेली. बाजार बंद, सासूची पाटी घरी. तेव्हा या मुलीने जुन्या गिऱ्हाइकांचे दूरध्वनी क्रमांक वहीत उतरवून काढले आणि मासळी साफ करून, कापून, घरपोच देण्याचे सुरू केले. आज ती सकाळी भ्रमणध्वनीवर मागण्या घेते, सासू गोदीतून माल निवडून आणते, दोघी मिळून कापतात. मोठमोठ्या कंपन्याही आता घरपोच मासळी देतात. त्यांच्याकडे शीतगृहे आहेत, जाहिरात आहे. या दोघींकडे कल्ले ओळखणारा डोळा आहे. कोण टिकेल हे सांगण्याइतके आमचे ज्योतिष पक्के नाही. परंतु सून आम्हांस म्हणाली ते विचार करण्यासारखे होते. "बुवा, मी हा धंदा निवडलाय. सासूबाईंना तो मिळाला होता. दोघींना लोक एकच समजतात."

सासूबाईंना मात्र हा भेद मान्य नाही. त्यांच्या मते निवड बिवड काही नाही, पोट आहे. या वादात आम्ही पडलो नाही.

दांड्याच्या समोरच्या समुद्रात वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचे काम गेली काही वर्षे चालू आहे. लांबी सुमारे १७ किलोमीटर. वरळीच्या कोळ्यांनी किनारी रस्त्याच्या वेळी भांडून, दोन खांबांमधले ६० मीटरचे अंतर १२० मीटर करून घेतले, होड्यांना वाट राहावी म्हणून. तो निर्णय २०२२-२३ मधला. अशा वाटाघाटींत होडीची वाट मोजता येते. किनाऱ्यावर मासळी कमी उतरली म्हणून जिला पहाटेच्या टेम्पोत अधिक दूर जावे लागते तिची वाट कोणत्या नकाशात दाखवावी, हे बैठकीस बसणाऱ्यांनी ठरवावे. आणि बैठकीस तिला बसवावे. मुळात तेथवरच आमची मागणी आहे.

गेल्या नारळी पौर्णिमेस आम्ही पुन्हा दांड्यात होतो. सोनेरी कागदात मढविलेला नारळ वाजतगाजत किनाऱ्यावर गेला. पुढे लुगड्यांतल्या बायका, केसांत अबोलीचे वळेसर, पायांत ठेका. रात्री कीर्तनात आख्यान तेच, मत्स्यगंधेचे. पदर नाकास लावण्याची जागा आम्ही केव्हाच गाळली आहे. तेथे आता जुळ्या भावाची कथा सांगतो, आणि त्या जागी दांड्यातल्या बायका हसतात. पूर्वीच्या हसण्याहून ते वेगळे असते.

कीर्तनानंतर मावशी पुढे आल्या. आता काठी लागते. म्हणाल्या, "बुवा, ती पोर होडी वल्हवायची ना, मानसं पल्याड न्यायची. मानशी किती घ्यायची?"

वाईस आल्यावर आम्ही पुन्हा आदिपर्व उघडले. पित्याच्या आज्ञेने, धर्मार्थ, एवढेच तेथे आहे. दर दिलेला नाही.